ठेवलेली मूठ

माझ्या शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख १ जून आहे. खेड्यापाड्यांतून शिकून आलेल्या माझ्या पिढीतल्या असंख्य जणांची ती तशीच आहे. आई मला शाळेत घालायला घेऊन गेली तेव्हा गुरुजींनी विचारले, पोरगी कधीची? आई म्हणाली, भाताची लावणी चालू होती. गुरुजींनी क्षणभर विचार केला आणि शाळेच्या सोयीने १ जून लिहून टाकले. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी सेवानिवृत्त होतो, असा नियम आहे. त्यामुळे येत्या ३१ मे रोजी मी निवृत्त होईन. लावणीच्या हिशेबाने पाहिले तर महिना-दीड महिना आधीच. गुरुजींनी माझ्या नोकरीतले तेवढे दिवस कापून घेतले, असे आम्ही विभागात विनोदाने म्हणत आलो. अलीकडे मला वाटू लागले आहे की त्यांनी ते मला दिले असावेत.

‘आता पुढे काय?’ हा प्रश्न गेले वर्षभर भेटेल तो विचारतो. माझे उत्तरही ठरून गेले होते. पूर्ण थांबायचे नाही, अर्धे काम करायचे आणि अर्धा वेळ स्वतःसाठी ठेवायचा. या अर्धनिवृत्तीची आखणी करावी म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी एक वही घेतली, पानाच्या मधोमध रेघ मारली आणि डावीकडे ‘काम’, उजवीकडे ‘स्वतःचे’ असे लिहिले. डावा रकाना अर्ध्या तासात भरला. एम.ए.च्या वर्गाला भाषाविज्ञानाची अभ्यासपत्रिका तासिका तत्त्वावर, पीएच.डी.चे तीन विद्यार्थी, विद्यापीठाच्या अभ्यास मंडळासाठी नव्या शैक्षणिक धोरणानुसार चाललेली अभ्यासक्रमांची फेररचना, महाविद्यालयाच्या ‘नॅक’च्या फायली, एका प्रकाशकाने मागितलेली विद्यार्थी-आवृत्ती, दोन कवितासंग्रहांच्या प्रस्तावना, वक्तृत्व स्पर्धांचे परीक्षण. प्रत्येकापुढे वार आणि तास आपोआप पडत गेले. उजव्या रकान्यात तीनच ओळी आल्या. वाचन. चालणे. आईच्या बोलीतले शब्द. त्यांच्यापुढे मात्र मला एकही वार लिहिता आला नाही. ‘वेळ मिळेल तसे’ एवढेच लिहिले आणि वही मिटली.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना या ठिकाणी चार्ल्स लॅम आठवल्यावाचून राहणार नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत तेहतीस वर्षे हिशेब लिहून लॅम १८२५ साली, वयाच्या पन्नाशीत, निवृत्तिवेतन घेऊन बाहेर पडला आणि त्याच वर्षी त्याने ‘द सुपरअॅन्युएटेड मॅन’ हा निबंध लिहिला. मी तो निबंध वाचला तो विद्यार्थिदशेत, आणि तेव्हा मला त्यातली सुटकेची नवलाई तेवढी दिसली. या दिवाळीत पुन्हा वाचताना दुसरेच काही दिसले. इतका वेळ एकदम हाती आल्यावर त्या माणसाला आनंदाआधी गुंगीच येते. वारांना आपापली चव असे, ती नाहीशी होते. काही दिवसांनी तो जुन्या सोबत्यांना भेटायला कचेरीत जातो, तेव्हा त्याचे मेज आणि टोपी अडकवण्याची खुंटी दुसऱ्या कोणाची तरी झालेली असते. तो हे तक्रार म्हणून सांगत नाही, आणि म्हणूनच ते अधिक लागते. मी स्वतःला विचारले, माझ्या डाव्या रकान्यातली किती कामे मला खरोखर करायची आहेत, आणि किती नुसती ती खुंटी राखून ठेवण्यासाठी आहेत?

आपल्याकडेही अर्धनिवृत्तीची कल्पना नवी नाही. वानप्रस्थ म्हणजे दुसरे काय? धर्मशास्त्रातला वानप्रस्थी घर सोडतो, पण आपला अग्नी सोबत घेऊन जातो. अग्नीचाही त्याग करायचा तो पुढच्या आश्रमात. ही कल्पना मला फार अर्थपूर्ण वाटते. कोणती कामे सोडायची यापेक्षा कोणता अग्नी बरोबर न्यायचा, हे आधी ठरवायचे असते. पत्नीच्या बाबतीत मात्र तेच शास्त्र म्हणते की तिला मुलांच्या हवाली करावे किंवा सोबत न्यावे. त्या पत्नीने स्वतः कोणता अग्नी उचलावा, याचे विधान नाही. माझ्यासारख्या बाईला ही आखणी करताना जुना नकाशा उपयोगी पडत नाही, याचे एक कारण हेही असावे. आम्ही ज्याला ‘स्वतःचा वेळ’ म्हणतो त्यावर घरातल्या प्रत्येकाचा थोडा थोडा हक्क आधीपासून लिहिलेला असतो.

सहकाऱ्यांपैकी कोणी धीर द्यायला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे उदाहरण देते. सातारा जिल्ह्यात ते तोंडावरच असते, कारण वाई जवळ. १९०१ साली जन्मलेल्या शास्त्रीबुवांनी १९६० साली साहित्य संस्कृती मंडळाचे अध्यक्षपद स्वीकारले तेव्हा ते साठीला आले होते. विश्वकोशाचा पहिला खंड निघाला १९७६ साली, त्यांच्या पंचाहत्तरीत. तेव्हा साठीनंतरच खरे काम होते, असा त्याचा अर्थ लावला जातो. मला तो पटत नाही. विश्वकोश हा शास्त्रीबुवांच्या दिवसाचा उरलेला वेळ नव्हता. तो त्यांचा दिवसच होता. माझ्या उजव्या रकान्यातल्या तिसऱ्या ओळीला मी दिवस द्यायला तयार नव्हते. मी तिला उरेल ते देणार होते.

आता त्या तिसऱ्या ओळीविषयी.

माझ्या आईचे माहेर बामणोलीच्या बाजूचे. कोयनेचे धरण झाले आणि ते गाव शिवसागराच्या पाण्याखाली गेले. आई तेव्हा नुकती लग्न होऊन मेढ्याकडे आली होती. माहेरची माणसे घाटाखाली पांगली आणि गावाची बोली ज्या माणसांच्या तोंडी होती ती माणसेच एकमेकांपासून दूर गेली. आईच्या बोलण्यात मात्र ते गाव राहिले. दाढ, राब, तरवा, आवण, इरले हे शब्द मावळात आणि कोकणात इतरत्रही भेटतात. पण डोंगरउतारावरच्या कुमरी शेतीचे, नाचणी-वरईचे, पावसाच्या तऱ्हांचे, उखळापाशी बसण्याच्या जागांचे असे काही शब्द तिच्याकडे होते, जे मला मोल्सवर्थमध्ये सापडले नाहीत आणि दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाच्या खंडांतही सापडले नाहीत. बोलींचा अभ्यास मी तीस वर्षे वर्गात शिकवला. विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्याला धाडले, त्यांच्या प्रश्नावल्या तपासल्या. स्वतःच्या आईकडे वही घेऊन बसायचे काम मात्र निवृत्तीनंतरसाठी ठेवले. आईचे वय आज चौऱ्याऐंशी आहे. हे वाक्य लिहितानाही मला माझ्या त्या नियोजनाचे आश्चर्य वाटते.

गेल्या वर्षी एवढे केले, की गुरुवारची दुपार तिच्यासाठी ठरवली. त्या दिवशी माझे तास अकराला संपतात. साताऱ्याहून एसटी धरायची, दादाच्या घरी जेवायचे, आईपाशी बसायचे आणि दिवेलागणीला परतायचे. पहिले काही गुरुवार नीट गेले. ती शेंगा फोडत असायची आणि शब्द असे मधूनच निघायचे, विचारल्यावर क्वचितच. ‘ह्याला काय म्हणायचा गं?’ असे मी विचारले की ती म्हणे, ‘म्हणायचं काय? हाय ते हाय.’

एकदा ती कणगीविषयी सांगत होती. सुगीनंतर कणगी भरताना त्यांच्या घरी पहिली मूठ तळाशी वेगळी ठेवीत. वर्षभर वरचे धान्य काढायचे, दळायचे, खायचे, पण त्या मुठीला हात लावायचा नाही. तिला एक शब्द होता. आईला तो त्या दिवशी आठवेना. तिने डोळे मिटून पाहिले, ओठ हलवून पाहिले आणि म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे, येईल त्याचा त्यो.’

चार-पाच दिवसांनी रात्री तिचा फोन आला. वहिनीने लावून दिला होता. ‘पोरी, त्यो शबुद आठावला बघ.’ मी म्हटले, ‘सांग, लिहून घेते.’ ती हसली. ‘फोनवर न्हाई सांगायची. तू येशील तवा सांगीन. न्हाईतर तू शबुद घिऊन बसशील आन यायची न्हाईस.’ माझ्या आईला अक्षरओळख नाही. पण संशोधक आणि निवेदक यांच्यातला व्यवहार तिला माझ्यापेक्षा चांगला कळतो.

त्या गुरुवारी मी गेले नाही. महाविद्यालयात फायलींची बैठक लागली. ‘मॅडम, तुमच्याशिवाय भाषा विभागाचे कोण सांगणार?’ असे विचारले गेले. खरे सांगायचे तर विभागातल्या कोणालाही ते सांगता आले असते. कागद सगळे तयार होते. माझ्यावर कोणी सक्ती केली नव्हती. ‘तुमच्याशिवाय कोण’ हे दोन शब्द मला गोड लागले, एवढेच खरे. मी वहिनीला फोन करून पुढच्या आठवड्यात येते म्हणून कळवले.

पुढच्या गुरुवारी गेले तेव्हा आई ओसरीवर बसली होती. मी पाया पडले, बसले, आणि थोड्या वेळाने विचारले, ‘आई, तो शब्द सांगणार होतीस ना, कणगीतल्या मुठीचा?’ ती माझ्याकडे बघत राहिली. ‘कंचा शबुद?’ मी सगळे पुन्हा सांगितले. सुगी, कणगी, तळाची मूठ, फोन. तिला फोनही आठवत नव्हता. वहिनी आतून म्हणाली, ‘ताई, या आठवड्यात लई विसरायला लागल्यात. परवा मलाच इचारलं, तू कुणाची.’

तो शब्द अजून आलेला नाही. तो येईल असे मला आता वाटत नाही. घाटाखाली गेलेल्या तिच्या माहेरच्यांपैकी जे सापडले त्यांना विचारले. मूठ ठेवण्याची चाल दोघांना आठवली, नाव कोणालाच नाही. भाषाविज्ञानाच्या वर्गात मी ‘शब्दाचा मृत्यू’ या विषयावर दरवर्षी एक तास घेते. शब्द कसे अप्रचलित होतात, वस्तू गेल्या की संज्ञा कशा जातात, हे फळ्यावर लिहून दाखवते. आता त्या तासाला मला एक शब्द गेल्याचा आठवडा ठाऊक आहे, आणि त्या आठवड्यात मी कुठे होते हेही ठाऊक आहे.

यानंतर मी ती दोन रकान्यांची वही पुन्हा उघडली. या वेळी डावीकडच्या प्रत्येक कामापुढे दोन प्रश्न लिहिले. हे काम माझ्यावाचून अडेल का? आणि हे काम खरे कोणाचे आहे? पहिल्या प्रश्नाने अर्धा रकाना साफ केला. दुसऱ्याने मला अधिक छळले. तासिका तत्त्वावरची ती अभ्यासपत्रिका, जी मला सर्वांत प्रिय होती, तीच त्यात अडकली. माझा एक जुना विद्यार्थी सेट झालेला आहे, पीएच.डी. आहे, आणि गेली काही वर्षे दोन गावांतल्या दोन महाविद्यालयांत तासांवर शिकवतो. सुट्टीत त्याचे मानधन थांबते. मी १ नोव्हेंबर २००५ च्या आधी नोकरीला लागलेली, म्हणून मला जुन्या योजनेप्रमाणे निवृत्तिवेतन मिळेल. मला ते तास आनंदासाठी हवे होते आणि त्याला पोटासाठी. मी त्याला विचारले तेव्हा तो संकोचून म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही घेताय तर घ्या ना. मी काय, कुठेही घेईन.’ त्याच्या त्या ‘कुठेही’मध्ये एसटीचे किती फेरे आहेत हे मला ठाऊक आहे. अर्धनिवृत्ती घेताना आपण जो अर्धा भाग धरून ठेवतो तो रिकाम्या जागेत नसतो. त्या जागेच्या दाराशी कोणीतरी उभे असते. आपल्या क्षेत्रात तर रांग उभी आहे.

राहिला प्रश्न नकाराचा. आपल्या भाषेत नकार देण्याची सोय मोठी मजेदार आहे. आम्ही शिक्षक मंडळी ‘बघते’, ‘कळवते’, ‘आत्ताच सांगता येत नाही’ असे म्हणतो आणि समोरचा ते होकार म्हणून टिपून ठेवतो. त्यात त्याची चूक नसते. ‘बघते’ म्हणणाऱ्या माणसाला बहुधा बोलावले जावेसेच वाटत असते. ‘मी करणार नाही’ हे वाक्य उद्धट वाटते, कारण त्यात कर्ता समोर उभा राहतो. पण मराठीने एक मधली वाट ठेवली आहे: ‘मला जमणार नाही.’ यात ‘मी’ची ‘मला’ होते, कर्तेपणाचा ताठा जातो आणि नकार मात्र पुरता राहतो. तीस वर्षे मी ही रचना व्याकरण म्हणून शिकवली. या डिसेंबरात ती पहिल्यांदा वापरली. प्रस्तावना मागणाऱ्या कवींना, स्पर्धांच्या आयोजकांना, प्रकाशकांना एकेक करून कळवले. दोघे रुसले. एकाने दुसऱ्याच दिवशी माझ्या सहकारी बाईंकडून प्रस्तावना लिहवून घेतली, आणि ती, मी वाचली, माझ्यापेक्षा बरी उतरली आहे. खुंटीवर दुसऱ्याची टोपी लागल्याचे पाहणे इतके कठीण नसते, असे त्या दिवशी वाटले. पूर्ण खरे नाही. थोडे कठीण गेले.

जानेवारीत मी प्राचार्यांना पत्र लिहिले. ३१ मे नंतर मी पीएच.डी.चे तिन्ही विद्यार्थी त्यांचे प्रबंध पूर्ण होईपर्यंत सांभाळीन. त्यांना मी शब्द दिलेला आहे आणि तो वाऱ्यावर सोडता येणार नाही. त्यांच्यासाठी सोमवार आणि मंगळवार. भाषाविज्ञानाची अभ्यासपत्रिका त्या तरुण प्राध्यापकाकडे द्यावी अशी विनंती केली. पहिल्या सत्रात तो म्हणेल तेव्हा, विनामानधन, मी त्याच्या वर्गात बोलींवर दोन तास घेईन. फायली विभागप्रमुखांकडे सोपवीन. अभ्यास मंडळावरून मोकळे व्हायचे पत्र विद्यापीठाला स्वतंत्र पाठवले. सरांनी पत्र वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘विचार करू.’ ‘विचार करू’ हाही ‘बघते’चाच थोरला भाऊ आहे, हे आम्हा दोघांनाही कळत होते. म्हणून मी तिथेच उभी राहून म्हटले, ‘सर, विचार जरूर करा. पण गुरुवारचे मला आत्तापासूनच जमणार नाही.’

वहीत आता नवे पान आहे. मधोमध रेघ नाही. सगळ्यांत वर गुरुवार लिहिला आहे, बाकीचे वार त्याच्या खाली आले. पूर्वी मी सगळ्यांचे वाटप करून उरेल ते आईसाठी ठेवत होते, आणि एवढ्या वर्षांत काही उरले नव्हते. कणगीतल्या त्या मुठीविषयी बोलताना मी एकदा चुकून ‘उरलेली मूठ’ म्हणाले होते, तेव्हा आईने मला तोडले होते. ‘उरल्याली न्हवं गं. ठेवल्याली. आधी ती, मग बाकीचं.’ तेव्हा मी ते वाक्य उच्चारांच्या नोंदीसाठी टिपून घेतले. ‘उरलेली’च्या जागी ‘उरल्याली’, एवढेच त्यात पाहिले. त्या नोंदीचा अर्थ मी वाचलाच नव्हता.

परवाच्या गुरुवारी गेले तेव्हा आईने मला ओळखले. पण वही बाहेर काढल्यावर ती अवघडली. परीक्षा द्यायला बसवल्यासारखी. मी वही पिशवीत परत ठेवली. सूप पुढे ओढले आणि दोघी तांदूळ निवडत बसलो. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ती म्हणाली, ‘आज शाळंला सुट्टी काय गं तुझ्या?’ मी म्हटले, ‘हो आई, सुट्टी आहे.’ तिने मान डोलावली, माझ्यासमोरचे तांदूळ थोडे आपल्याकडे ओढून घेतले आणि त्यातला मी न दिसलेला एक खडा काढून बाजूला टाकला.